चढणीवरचा ठोका

नमस्कार, श्रोतेहो.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर हाथी पोळच्या बाजूने पायी चढताना मध्येच थांबून छातीवर हात ठेवला, तर ठोके नुसते भरभर नाही, जोरातही लागतात. तो जोर येतो कुठून?

बसल्या जागी हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिलिलीटर रक्त ढकलतं, मिनिटाला सुमारे 5 लीटर. चढणीवर पोटऱ्या आवळल्या की शिरांतलं रक्त वर लोटलं जातं, हृदयाचे कप्पे जास्त भरतात, भिंती ताणल्या जातात. आणि ताणलेला स्नायू जास्त जोराने आवळतो. मेंदूने सांगावं लागत नाही. आलेलं रक्त हृदय आपलं आपण पुढे धाडतं. जर्मनीत ऑटो फ्रांक यांनी 1895 मध्ये बेडकाच्या हृदयावर हे पाहिलं, पुढे लंडनमध्ये स्टार्लिंग यांनी ते पक्कं केलं.

दुसरा जोर कॅल्शियमचा. हाडांचं म्हणून आपण ओळखतो, तेच. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांनी बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात चालू ठेवलं होतं. ते पाणी ऊर्ध्वपातित समजत होते, निघालं नळाचं! शुद्ध पाणी वापरताच ठोके क्षीण होत गेले. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हृदय चालवत होतं, हे त्यांनी 1883 मध्ये छापून सांगितलं. झालेली चूक लपवली नाही, याचं मला फार मोल वाटतं.

धाप लागली, भीती वाटली की अॅड्रेनलीन हे संप्रेरक सुटतं आणि हृदयाच्या पेशीत दर ठोक्याला जास्त कॅल्शियम मोकळं होतं. पकड घट्ट होते. शिवाय तेच अॅड्रेनलीन कॅल्शियम झटपट आवरूनही घेतं, म्हणजे हृदय लवकर सैल होतं आणि पुढच्या ठोक्यासाठी भरतं. सैल होणं जमलं नाही, तर नुसता जोर काय कामाचा?

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका आजींनी मला विचारलं होतं, “हृदय अशक्त म्हणता, मग जोर कमी करणारी गोळी कशाला?” प्रश्न अगदी रास्त. अशक्त हृदयाला शरीर अॅड्रेनलीनने सतत पिटाळत राहतं, आणि महिनोन् महिने पिटाळलेला स्नायू आणखी थकतो. ती गोळी, म्हणजे बीटा ब्लॉकर, ही पिटाळणी थोपवते. म्हणूनच ती अगदी थोड्या मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीला थकवा वाटला तरी आजी, गोळी मनाने बंद करू नका. एकदम सोडली तर हृदयावर उलटते. आधी डॉक्टरांना विचारा.