खालून कापता येणारी बातमी

(दृश्य : ठाणे स्टेशनबाहेर, पहाट)
महापेच्या छापखान्यातून टेम्पो आला, गठ्ठ्यांच्या पट्ट्या तुटल्या आणि फुटपाथवरच पुरवण्या भरणं सुरू झालं. हात बघा. अंक उघडायचा, पुरवणी सरकवायची, घडी घालायची. मान वर होत नाही. ठाण्याला छापील बातमीची सवय जुनी. इथून 'अरुणोदय' हे वृत्तपत्र निघालं ते १८६६ साली. बोरीबंदरहून पहिली आगगाडी येऊन तेव्हा १३ वर्षं झाली होती.

(दृश्य : उपसंपादकाचा संगणक)
'ठाणे, ता. १२ : जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी शुक्रवारी घोडबंदर रोड, वर्तकनगर परिसराचा पाणीपुरवठा २४ तास बंद राहणार असल्याची माहिती महापालिकेने दिली.'

कुठे, काय, कधी, का, कोणी सांगितलं, सगळं एका वाक्यात. दुसऱ्या परिच्छेदात टँकरसाठी फोन नंबर. त्याखाली मागच्या दुरुस्त्या, नगरसेवकांच्या तक्रारी. महत्त्व उतरत जातं, याला म्हणतात उलटा पिरॅमिड. कारण पान लागत आलेलं असताना जाहिरात येते. उपसंपादक खालचे दोन परिच्छेद उडवतो. हे बघा, उडवले. वरच्या बातमीला धक्का नाही. मराठी गद्याला इतकी चांगली शिस्त दुसऱ्या कोणी लावली नसेल, ते 'असल्याची' वगैरे धरूनसुद्धा.

(दृश्य : तलावपाळी, वार्ताहर कॅमेऱ्यासमोर)
'ठाणेकरांनो, आजच पाणी भरून ठेवा! शुक्रवारी घोडबंदर, वर्तकनगरला नळ कोरडे राहणार आहेत. महापालिका म्हणतेय, जलवाहिनीचं काम आहे.'

ऐकणाऱ्याला मागची ओळ परत पाहता येत नाही. म्हणून वाक्यं आखूड, कोण म्हणतंय ते आधी आणि आकडे गोल. खर्च ३ कोटी ४७ लाख असेल तर तोंडी 'साडेतीन कोटींच्या आसपास'. पडद्यावर जे दिसतंय ते पुन्हा बोलायचं नाही. हेही कसबच. फक्त टँकरचा नंबर राहिला, कारण टँकरचं दृश्य नव्हतं. ते दृश्य आमच्याकडेही नाही.

(दृश्य : मराठी ग्रंथसंग्रहालय, वाचनकक्ष)
ही संस्था १८९३ची. चष्मा कपाळावर चढवून हे काका दुसऱ्या परिच्छेदातला नंबर पासाच्या मागे उतरवून घेताहेत. एकेक आकडा, बोट ठेवून.

हल्ली दोन्ही बातम्या एकच वार्ताहर देतो : आधी मोबाइलवर बोलायची, मग वेळ उरला तर छापायची.