थिंग म्हणजे गोष्ट

आइसलँडची राजधानी रेक्याविकपासून साधारण ४५ किलोमीटरवर काळ्या खडकाची एक लांबच लांब भिंत उभी आहे. पायथ्याशी नदी, पुढं गवताळ मोकळं मैदान. एका उंचवट्यावर देशाचा झेंडा फडफडतोय. सभागृह शोधू नका, सापडणार नाही. तरीही इसवी सन ९३० पासून कितीतरी शतकं या देशाची संसद भरायची ती इथंच, उघड्यावर.

जागेचं नाव थिंगवेट्लिर, म्हणजे थिंगचं मैदान. आणि हा थिंग कोण? ओळखीचाच आहे. 'समथिंग', 'एनीथिंग' म्हणताना दिवसभर आपल्या तोंडात असतो, तोच!

जुन्या जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच यांच्या कुळात, थिंग म्हणजे सभा. तंटे ऐकायचे, निवाडा करायचा, तो थिंगमध्ये. इथली सभा जूनमध्ये भरे. लांबलांबून माणसं घोड्यांवर येत, दगड-मातीच्या भिंतींवर कापड ताणून दोन आठवडे राहत. कायदा मात्र कुठं लिहिलेला नव्हता. तो एका माणसाला तोंडपाठ असे, आणि दर वर्षी तो एक तृतीयांश कायदा सगळ्यांसमोर म्हणून दाखवी. तीन वर्षांत एक आवर्तन. मध्येच अडला तर काय होत असेल, ही धास्ती मला आजही वाटते. कायदा कागदावर, खरं तर कातड्यावर, उतरू लागला तो १११७ च्या हिवाळ्यात.

मग सभेची वस्तू कशी झाली? सभेपुढं आलेलं प्रकरणही थिंगच. प्रकरणाची झाली बाब, आणि बाब काय, कुठलीही असू शकते. घसरत घसरत शब्द ताटातल्या चमच्यापर्यंत आला. जर्मन आणि डच 'डिंग'चंही तेच झालं. पण डचमध्ये कोर्टातला दावा अजून 'खेडिंग' आहे, आणि डेन्मार्कची संसद 'फोल्केटिंग'.

यात नवल वाटायचं कारण नाही. आपली 'गोष्ट' याच वाटेनं आली. संस्कृत गोष्ठी म्हणजे सभा, चार माणसांतलं बोलणं. मूळ वेगळं, थिंगशी नातं काही नाही, पण वळण तेच: सभा, बोलणं, बाब. वर आपण त्यात आजीची गोष्टही बसवली, ते इंग्रजांना जमलं नाही. आणि आणखी मागं जा, तर गोष्ठ म्हणजे गाईंची जागा, आपला गोठा.

जुना थिंग जिवंत पाहायचा असेल तर ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावर जावं. तिथल्या संसदेचं नाव टिनवाल्ड, म्हणजे पुन्हा थिंगचं मैदानच. दर वर्षी जुलैमध्ये, बहुधा ५ तारखेला, पायऱ्यापायऱ्यांच्या एका हिरव्या टेकडीवर सभासद जमतात. नव्या कायद्यांची नावं आणि सारांश मॅन्क्स या बेटाच्या भाषेत आणि इंग्रजीत मोठ्यानं वाचले जातात. १८ महिन्यांत असा पुकारा झाला नाही, तर तो कायदा बाद.