पाण्याच्या मागनं पळताना

(थंडीच्या सुरुवातीला कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आत्ता माझी ओळख करून देताना या मुलीनं सांगितलं, की बाई रोज पहाटे धावतात. पोरीनं माझी अब्रू राखली. आमच्या पेठेत मी धावत नाही, पळते. कोल्हापुरात धावतात ते पाहुणे, आपण पळतो. सेहेचाळिसाव्या वर्षी मी सुरुवात केली तेव्हा शाळेत महिनाभर एकच बातमी फिरत होती, ‘भूगोलाच्या बाई पळाल्या.’ कुणाबरोबर, हे विचारायला शेजारच्या आजी घरी येऊन चहा पिऊन गेल्या.

विषय दिलाय पळायचे सुंदर मार्ग, आणि संयोजकांना खरं तर यादी हवी होती. यादी मोबाईलवर मिळते. मी एक युक्ती सांगते. पळायला रस्ता शोधू नका, पाणी शोधा. पाणी कुठनं येतं, कुठं साठतं, कुठं उतरतं, तिकडं पळा. घाट, देऊळ, वेस, किल्ला हे सगळं मग वाटेत येतंच, कारण त्या लोकांनीही पाणी बघूनच बस्तान मांडलं होतं. मी आयुष्यभर फळ्यावर समोच्च रेषा काढल्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. त्या कळल्या मात्र पोटऱ्यांना, आणि त्याही निवृत्ती जवळ आल्यावर.

पहिल्यांदा कळल्या त्या कळंब्याच्या रस्त्यावर. मंगळवार पेठेतनं कळंब्याकडं निघालं की रस्ता दिसायला सपाट. पण मनगटावरचं घड्याळ दर किलोमीटरला कुरकुरायचं, की तुम्ही मंदावलाय. मला वाटलं वय बोलतंय. तलावाच्या बांधावर पाच मिनिटं टेकायचं, परत फिरायचं, आणि येताना तेच पाय विशीतल्या पोरीसारखे चालायचे! बरेच दिवस मी हे तलावाच्या हवेचं पुण्य मानत होते. मग एकदा मंगळवार पेठेत ‘पाण्याचा खजिना’ असा पत्ता वाचला आणि डोक्यात उजेड पडला. 1880च्या दशकात कळंबा तलाव बांधला तो शहराला पाणी पाजायला, आणि ते पाणी पंपाशिवाय, निव्वळ उतारानं गावात येत होतं. म्हणजे तलाव गावापेक्षा वर हवाच की! जाताना मला दमवणारा आणि येताना ढकलणारा तो हाच उतार. वर्गात ‘गुरुत्वाकर्षणावर आधारित पाणीपुरवठा’ असं तीनदा म्हणायला लावूनही पोरांना जे कळत नव्हतं, ते अर्ध्या तासात कळतं. दम असेल तर तिथनं पुढं कात्यायनीच्या देवळापर्यंत जा. चढ खरा तिथं आहे, आणि सकाळी मोर ओरडत असतात.

रंकाळ्याबद्दल मी फार बोलणार नाही. इथल्या निम्म्या लोकांनी आज सकाळीच तिथं फेरी मारली असणार. साडेचार किलोमीटरच्या आसपासचा फेरा, सपाट, राखलेला, आणि फेरी संपल्यावर समोर भेळ, त्यामुळं रंकाळ्यावर कुणाचं वजन उतरल्याचं मी पाहिलेलं नाही. मूळची ही दगडाची खाण, असं जुने लोक सांगतात. देवळांचा दगड निघाला आणि खड्ड्यात पाणी भरलं. एक गंमत मात्र करून बघा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तलावातला दगडी संध्यामठ कमरेपर्यंत, मग पायापर्यंत उघडा होत जातो. आठवड्यातनं एकदा त्याच जागी थांबून कुठली पायरी दिसायला लागली ते बघा. तलावाची तब्येत कळायला याहून सोपी खूण मला माहीत नाही.

आता माझा आवडता मार्ग. याला मी जरा वेळ घेणार आहे.

पहाटे साडेपाचला बिंदू चौक. तिथनं भवानी मंडप, अंबाबाईच्या देवळाला बाहेरनंच हात जोडून महाद्वार रोड. दिवसा जिथं चप्पल घासत चालावं लागतं, तो रस्ता यावेळी रिकामा असतो. फुलांच्या टोपल्या उतरत असतात आणि ओल्या शेवंतीचा वास असतो. नोव्हेंबरात किंवा जानेवारी संपताना आलात तर एक ध्यानात ठेवा, की याच रेषेत पश्चिमेकडनं मावळतीची किरणं आत येऊन देवीच्या पायापर्यंत, चेहऱ्यापर्यंत पोचतात. किरणोत्सव बघायला आपण गर्दी करतो. पण देऊळ कुठल्या दिशेला किती नेमकं बसवलंय हे मला कळलं ते रिकाम्या रस्त्यावर, पाठीला देऊळ आणि समोर सरळ पश्चिम अशी पळताना.

पुढं गंगावेश. दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून पेला हातात देतात. जाताना पिऊ नका. मी एकदा प्यायले, आणि शिवाजी पुलावर त्या म्हशीची आणि माझी दोघींची आठवण राहील असा प्रसंग झाला. दूध परतीला प्यावं. कट्ट्यावरचा एकजण माझा विद्यार्थी. पहिल्या दिवशी मला बघून चरवी हातात तशीच धरून पळत आला, “बाई, काय झालं? कोण गेलं का?” नुसतीच पळतीये म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. आता लांबनंच ओरडतो, “बाई, आज टाइम काय?”

आणि या गल्ल्यांतनं मी काही पहिली पळणारी नव्हे. तालमीतली पोरं पिढ्यान्‌पिढ्या पहाटे पळत आलीत. त्यांना घड्याळ नव्हतं, बूट नव्हते, वस्ताद होता. एका म्हाताऱ्या पैलवानांनी मला पंचगंगेच्या घाटावर थांबवून सांगितलं होतं, “बाई, टाच आपटू नका. ओल्या मातीत पाय उमटवल्यागत पळा.” नंतर मी पळण्यावरची महागडी पुस्तकं चाळली. त्यात याहून वेगळं काही निघालं नाही.

घाटावर पायऱ्या उतरू नका, शेवाळ असतं. घाटाच्या अंगाला ब्रह्मपुरीची टेकडी आहे. बघायला काही नाही, म्हणून कुणी थांबत नाही. पण 1940च्या दशकात इथं उत्खनन झालं तेव्हा सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली, आणि रोमन जगातनं आलेल्या काशाच्या वस्तू निघाल्या. त्यात हातभर उंचीचीही नसेल अशी एक मूर्ती आहे पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. आपल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, जाऊन बघा. समुद्र घाटाखाली, मध्ये सह्याद्री उभा, आणि समुद्राचा देव पंचगंगेच्या काठाला. घाटवाटा उतरून चढून कुणाच्या तरी पाठीवर तो आला असणार. मला त्या टेकडीपाशी दम लागला की मी त्या हमालाची आठवण काढते आणि गप पुढं जाते.

मग शिवाजी पूल, दगडी कमानींचा, 1870च्या दशकातला. पुलापलीकडं शहर एकदम तुटतं. आंबेवाडी, मग चिखली. दोन्ही बाजूंना ऊस, डोक्याच्या वर. उसातली थंडी वेगळी असते, अंगाला चिकटते. कुठंतरी गुऱ्हाळ पेटलेलं असतं आणि काकवीचा वास अर्धा किलोमीटर सोबत करतो. पुलापासनं पाच-सहा किलोमीटरवर प्रयाग. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा चार नद्यांचं पाणी या टापूत एकत्र येतं, पाचवी सरस्वती गुप्त, आणि इथनं पुढं नाव पंचगंगा. डिसेंबरात पाण्यावर वाफ असते. पलीकडच्या काठावर कुणी धुणं आपटत असलं तर हात आधी दिसतो, आवाज मागनं येतो. ध्वनीचा वेग शिकवायला मी वर्गात टाळ्या वाजवायचे. पोरांना इथं आणायला पाहिजे होतं.

हाच रस्ता जुलैत नसतो. नसतोच. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका. हे आकडे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. 2019 ला आणि 2021 ला नदी 55 फुटांच्या वर गेली. चिखली-आंबेवाडीच्या लोकांनी जनावरांसकट घरं सोडली. त्यानंतरच्या थंडीत मी तिथनं पळत होते तर भिंतींवर मातीची रेघ होती, माझ्या डोक्याच्या वर. सुंदर मार्ग म्हणून फोटो काढताना मोबाईल वर धरला आणि ती रेघ चौकटीत आली. फोटो काढला नाही.

पन्हाळ्याबद्दल सगळ्यांना इतिहास पाठ आहे, म्हणून मी फक्त पाण्यापुरतं बोलते. वर गाडीनं जा आणि तटाच्या कडेनं पळा. तटबंदीचा घेर सात किलोमीटरच्या आसपास भरतो. सज्जाकोठी, पुसाटी बुरूज, तीन दरवाजा. तीन दरवाजाशेजारी अंधारबाव आहे. तीन मजली विहीर, आत पहारेकऱ्यांच्या जागा आणि बाहेर निसटायला चोरवाट. विहिरीवर पहारा का? वेढा पडला की आधी पाणी संपतं किंवा कुणीतरी नासवतं, म्हणून. 1660 साली सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासनं जुलैपर्यंत चालला. चार महिने एवढी माणसं काय प्यायली, हा प्रश्न त्या थंडगार जिन्यावर उभं राहिल्याशिवाय मला पडला नव्हता. आषाढातल्या रात्री महाराज ज्या वाटेनं विशाळगडाकडं निघाले, ती वाट आजही पोरं दर जुलैत चालतात. मी दोनदा चालले. पळाले नाही. म्हसाईच्या पठारावर धुकं उतरलं की पुढच्याची पाठ दिसत नाही, आणि त्या चिखलात पळायचं म्हणणाऱ्याला एकदा तिथं नेऊन उभा करावा. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या जुलैत, पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला. आनंद आहे. आता तटावरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही जागतिक दर्जाच्या झाल्या.

सावधगिरीचं दोन वाक्यांत सांगते. ऑक्टोबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्या असतात, दोन-दोन जोडलेल्या, मागं लाल दिवा असेलच असं नाही. म्हणून उजव्या कडेनं, येणाऱ्या गाडीच्या समोरनं पळा आणि कानात गाणी घालू नका. मला एकदा ट्रॉलीतनं लोंबणाऱ्या उसानं खांद्यावर असा फटका दिला, की आठ दिवस साडीचा पदर टेकवत नव्हता. बायकांनी पहाटे एकटीनं जाऊ नये असं मला पुष्कळांनी सांगितलं. मी दुसरीला बरोबर घेतलं. आता आम्ही नऊजणी आहोत.

शेवटचं एक. प्रयागला नाव मिळालेली पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते. ऐंशी किलोमीटरच्या आसपास. आम्ही नऊजणी ती तुकड्या-तुकड्यांनी पळतोय, दर रविवारी थोडी. वरचा भाग देखणा आहे. शिरोलीच्या पुढं मात्र जागोजागी केंदाळ, म्हणजे जलपर्णी, इतकं, की पाणी आहे हे नकाशावरनं समजायचं, आणि वाऱ्याची दिशा बदलली की नाकाला पदर. तोही मार्ग मी यादीत धरते. नदी अर्धीच बघायची असेल तर घाटावर बसून दिसते.

रुकडीच्या अलीकडं आम्ही अडकलोय. तिथं काठाची पायवाट शेतात शिरते, आणि मालकांचं कुत्रं आमच्या मताचं नाही. या रविवारी परत जाणार आहोत. साडेपाचला दूधकट्ट्यावर जमायचं, तिथनं गाडीनं. बूट जुने घाला, काळी माती आहे. आणि कुणाच्या खिशात बिस्किटाचा पुडा असेल तर त्यानं पुढं व्हायचं.