दम, दमा आणि डिस्प्निया

नमस्कार! जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनो, आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी.

आजी सांगतात, “सिस्टर, जिना चढला की दम लागतो गं.” आणि आपण लिहितो, ‘दमा’. पहिल्या वर्षाला मीही हेच लिहिलं होतं. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांनी मला पुन्हा आजींच्या खाटेपाशी पाठवलं. फरक एका कान्याचा, पण दम लागणं ही तक्रार आहे आणि दमा हा आजार. दम हृदयामुळे लागतो, फुप्फुसामुळे लागतो, अंगात रक्त कमी असलं तरी लागतो. कारण ठरवायचं काम डॉक्टरांचं.

तक्रारीसाठीचा शब्द आहे डिस्प्निया. तो पाठ करू नका, शाळेत संधी सोडवायचो तसा सोडवा. ‘प्निया’ म्हणजे श्वास. ‘डिस’ म्हणजे त्रासाचा. हा ग्रीक ‘डिस’ आणि आपल्या ‘दुर्बल’मधला ‘दुर्’ एकाच मुळातून आलेले आहेत! ॲप्निया म्हणजे श्वास थांबणं. त्यातला ‘ॲ’ म्हणजे ‘अशक्त’मधला ‘अ’. हायपर हा ‘उपरि’चा भाऊ, म्हणून वर, जास्त. हायपो हा ‘उप’चा भाऊ, म्हणून खाली, कमी. उपसरपंच सरपंचाच्या खाली, एवढं आठवलं तरी पुरे. फोनवर मात्र हायपो आणि हायपर ऐकायला सारखेच वाटतात, म्हणून बीपी किंवा शुगर कळवताना आकडा सांगाच.

आता नीट ऐका. डिस्प्निया रुग्ण सांगतो, टॅकिप्निया आपण मोजतो. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. २० च्या वर गेला की टॅकिप्निया, १२ च्या खाली आला की ब्रॅडिप्निया. मोजताना मनगट नाडी बघितल्यासारखं धरून ठेवा आणि नजर छातीवर ठेवा. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. आणि पूर्ण एक मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणायची सवय मला अजिबात पटत नाही. एका श्वासाची चूक तिथे चारची होते.

“आडवं पडलं की गुदमरतं, बसलं की बरं वाटतं,” याला ऑर्थोप्निया म्हणतात. पण रुग्ण हे आपणहून क्वचितच सांगतो. “आजी, झोपताना उशा किती लागतात?” असं विचारा. एकीच्या दोन झाल्या असतील, तर कधीपासून तेही विचारा.

मग त्या आजींची नोंद अशी होईल: ‘जिना चढताना दम लागतो, असे रुग्ण सांगतात. श्वास मिनिटाला २६. आठ दिवसांपासून झोपताना दोन उशा लागतात.’ ही नोंद लिहून झाली की लगेच इन्चार्ज सिस्टरांना सांगायला जा, राउंडची वाट बघू नका.