आकडे म्हणणं आणि मोजणं

घरात तीन-चार वर्षांचं मूल असलं की पाहुण्यांसमोर ते एक ते वीस आकडे घडाघडा म्हणून दाखवतं. त्याचं कौतुक जरूर करा. पण आकडे म्हणता येणं आणि मोजता येणं यांत बरंच अंतर असतं. आज मला त्या अंतराबद्दल बोलायचं आहे.

एकदा साडेतीन वर्षांच्या एका मुलीसमोर मी पाच बटणं ओळीत मांडली. तिने एकेका बटणावर बोट ठेवत मोजलं, एकही सुटलं नाही. मी विचारलं, "मग किती आहेत?" तिने पुन्हा पहिल्या बटणावर बोट ठेवलं. एक, दोन, तीन... परत विचारलं, परत तेच. 'किती' म्हटलं की मोजायचं, असं ती समजली होती. शेवटचा 'पाच' हा सगळ्या बटणांचा मिळून आकडा आहे, हे तिला अजून उमगलं नव्हतं. मानसशास्त्रज्ञ रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ साली मोजणीची पाच तत्त्वं मांडली, त्यांतलं हे एक. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं हेच.

अशा वेळी "पाच म्हण" असं पढवू नका. मूल म्हणेल, पण ते तुमचं उत्तर असेल. त्यापेक्षा खेळता खेळता मागा: "बाहुलीला तीन बटणं दे." दहापर्यंत आकडे येणारं मूलही मूठभर उचलून देतं. आधी त्याला 'एक' नीट कळतो, मग कित्येक महिन्यांनी 'दोन', मग 'तीन'. तेवढं झालं की पुढचं एकदम उलगडतं. हे महिने वाया जात नसतात, म्हणून कृपा करून घाई करू नका.

फासा हातात द्या. तीन ठिपके मूल न मोजता ओळखतं, कारण तीनपर्यंतचा समूह नजरेलाच कळतो. पाच-सहाच्या मांडण्याही हळूहळू ओळखीच्या होतात.

आणि सोंगट्या खेळा. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमानी या मानसशास्त्रज्ञांचं २००८ सालचं काम मला फार मोलाचं वाटतं. एका सरळ ओळीत एक ते दहा आकडे लिहिलेली घरं, आणि दान एक किंवा दोनच. बालवाडीच्या वयाची मुलं हा खेळ सगळा मिळून जेमतेम तासभर खेळली, तेही थोडं थोडं करून. तरी कोणता आकडा मोठा आणि तो ओळीत कुठे येतो, याची त्यांची समज सुधारली. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या घरांवर तसाच खेळ खेळलेल्या मुलांत हा फरक दिसला नाही.

यातली खरी मेख मात्र घरी खेळताना सहज निसटते. सोंगटी चारवर आहे, दान पडलं दोन. मूल "एक, दोन" म्हणत सरकतं. सोंगटी बरोबर घरात जाते, म्हणून आपण काही बोलत नाही. पण तिथे हवं असतं "पाच, सहा". म्हणजे प्रत्येक घराचं नाव तोंडात येतं, आणि सहा हा चारच्या पुढे दोन घरं आहे हे बोटालाही कळतं. मुलाला टोकायची गरज नाही. आपली पाळी आली की आपणच सोंगटी सावकाश सरकवत मोठ्याने म्हणायचं: "पाच... सहा." दोन-चार डावांनंतर पलीकडून कुजबुज ऐकू येते, "आता सात."