लुगड्याच्या मापाची गोधडी

(दृश्य : डोंबिवली स्टेशन, सकाळचे साडेदहा. दोन बायका, चार रिकाम्या कापडी पिशव्या.)

गोधडीसाठी कापड विकत आणायला चाललेय, असं आजीला सांगितलं असतं तर तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. घरात जे फाटेल त्याची गोधडी व्हायची. विकत आणायचा तो फक्त दोरा.

पण माझ्या कपाटात आता काही फाटतच नाही. जॉर्जेट, शिफॉन, क्रेप. वीस वर्षं झाली तरी तश्शाच. तसल्या साड्यांची गोधडी अंगावरून घसरते आणि घाम काही टिपत नाही. आईची चार सुती लुगडी होती, ती मीच बोहारणीला घातली, एका स्टीलच्या पातेल्यावर. पातेलं अजून आहे. रोज दूध तापतं त्यात.

"अगं, मला एकदा विचारायचंस तरी," मैत्रीण दर वेळी म्हणते. तिच्या आईच्या लुगड्यांचं काय झालं, ते विचारलं की मात्र विषय बदलते.

(दृश्य : क्रॉफर्ड मार्केटचा मनोरा, हातगाड्या, रस्ता ओलांडणारी गर्दी.)

सीएसएमटीहून चालत क्रॉफर्ड मार्केट. 1869 ची इमारत, पाटीवर महात्मा जोतिबा फुले यांचं नाव, तोंडात मात्र सगळ्यांच्या क्रॉफर्डच. आपल्याला समोर जायचंय, मंगलदास मार्केटात. छताखाली अरुंद गल्ल्या, दोन्हीकडे छतापर्यंत तागे. एका गल्लीतून आत गेलात की त्याच गल्लीतून बाहेर याल, अशी खात्री देता येत नाही.

पहिल्या दुकानात मैत्रीण विचारते, "पन्हा किती?" पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. हा एक शब्द उच्चारला की दुकानदार जरा सरळ बसतो. नुसतं "कितीला मीटर?" विचारणारीला तो एक भाव सांगतो, पन्हा विचारणारीला दुसरा.

"चव्वेचाळीस इंच. नव्वद रुपये मीटर, ताई."

"साठ."

"अजून बोहनी नाही झाली. पंच्याऐंशी."

मैत्रीण उठत नाही. तागा उलगडते, प्रकाशात धरते, अंगठ्यानं चोळून खळ किती आहे ते बघते. खळ धुतली की कापड मच्छरदाणी होतं, हे ती त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मला सांगते. सत्तरला सौदा होतो. खरं तर मी ऐंशीलाच हो म्हणणार होते, पण तिनं माझा पाय दाबला.

(दृश्य : मार्केटबाहेर, फुटपाथवर कटपिसांचा ढीग, तराजू.)

स्वस्ताई खरी इथे. कटपीस, वजनावर, साडेतीनशे रुपये किलो. पातळ सुती कापड किलोला सात-साडेसात मीटर बसतं, म्हणजे मीटरला पन्नासच्या आत. हिशेब मोबाइलवर छान दिसतो. पण किलोत निम्मे तुकडे वीतभर असतात आणि बाई माणूस तेही सोडत नाही.

मैत्रिणीचे वडील गिरणीत होते. कापडाचे आखूड तुकडे ते घरी आणायचे, त्यांना ते फेंट म्हणत. त्याहून लहान ते रॅग्ज, सगळ्यात लहान ती चिंधी. आपल्याकडे चिंधी ही शिवीच, पण गिरणीच्या हिशेबात तिचंही वजन व्हायचं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि तिच्या घरात फेंट यायचं थांबलं. ती हे सांगते तेव्हा तिचे हात ढिगातच असतात. एक हिरवा तुकडा, एक राखी, एक पिवळा. पिवळा परत ठेवते. मग पुन्हा उचलते.

(दृश्य : चहाची टपरी. हातात एक धागा आणि काडेपेटी.)

आता परीक्षा. "शंभर टक्के कॉटन" म्हणून घेतलेल्या लाल तुकड्याचा धागा ओढून काडी लावली. सूत असेल तर कागदासारखं जळतं, वास कागदाचा आणि मागे बोटावर चुरडणारी राख. आमचा धागा आक्रसला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. पॉलिस्टर! परत जाऊन भांडावं तर फुटपाथवरचा तो कोपरा रिकामा. महापालिकेची गाडी येतेय म्हणून ढीग, तराजू आणि माणूस तिघंही गेले होते. हिरवा, राखी, पिवळा नीट जळले, एवढंच समाधान.

(दृश्य : परतीची लोकल, लेडीज डबा. मांडीवर पिशव्या.)

वरच्या बाजूला कटपीस, अस्तराला मोठ्या पन्ह्याचा मांजरपाट, म्हणजे जाडसर कोरं सुती कापड. दोन्ही आधी बादलीत भिजवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात मांजरपाट आटतो आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. राहिलं पोट, म्हणजे मधला थर. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. तिच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांब आणि पन्ह्याएवढी रुंद गादी तयार. म्हणून आजीच्या सगळ्या गोधड्या एका मापाच्या होत्या. तिनं टेप कधी हातात धरली नाही. आम्ही आता जुन्या सुती चादरी घालणार आहोत. त्यांचं माप जुळत नाही, कापावं लागेल.

ठाणं गेल्यावर मैत्रीण खिडकीबाहेर बघत म्हणाली, "परात."

"काय परात?"

"आमच्या लुगड्यांची. बोहारणीनं परात दिली. मोठी, कणकेची."

"किती लुगड्यांवर?"

"दोन."

माझी चार गेली होती, पातेल्यावर. मुंब्रा येईपर्यंत ती हसत होती.