स्कोअर ९६१, तरी शक्यता २० टक्के

नमस्कार मंडळी. जेवणानंतरचं सेशन मला दिलंय, पोटात मसालेभात आणि समोर क्रेडिट कार्ड, त्यामुळे कोणाला डुलकी लागली तर मी अजिबात मनावर घेणार नाही. विषय मी निवडलेला नाही, तो आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आला. एका ताईंनी स्क्रीनशॉट टाकला होता, हिरवी गोल रिंग, मध्ये क्रेडिट स्कोअर ९६१, खाली 'एक्सलंट'. आणि त्याच ॲपमध्ये जरा खाली गेलं की ज्या कार्डासाठी त्यांनी एलिजिबिलिटी, म्हणजे अर्ज केला तर मिळेल का, ते बघितलं होतं त्याच्यापुढे लिहिलेलं, मिळण्याची शक्यता २० टक्के. घर गरम ठेवणारा बॉयलर बिघडला होता, नवीन बसवायचा तर एकदम पैसे काढण्यापेक्षा शून्य टक्के व्याजाचं कार्ड घेऊन हळूहळू फेडू असा त्यांचा साधा हिशोब. बरं, खरी गंमत पुढे. नवऱ्याने त्याच्या फोनवर तेच कार्ड बघितलं, त्याचा स्कोअर ८७४, आणि त्याला शक्यता ९० टक्के! आता सांगा, घरात शांतता कशी राहणार?

ग्रुपवर मग धडाधड उत्तरं. कोणी म्हणे व्हिसा, कोणी म्हणे आपण इंडियन म्हणून, कोणी म्हणे ॲपच बोगस. मी इथे इंग्लंडात एका बँकेच्या रिस्क टीममध्ये नऊ वर्षं काढलीत, बँकेचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल, म्हणून सगळ्यांनी मला टॅग केलं.

पहिली गोष्ट, तो ९६१ बँकेला दिसतच नाही. खरंच नाही दिसत. इथे लोकांच्या उधारीच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन क्रेडिट एजन्सी आहेत, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन, आणि तिघांच्या पट्ट्या वेगळ्या. एक्स्पिरियनचा वर्षानुवर्षं, २०२५ पर्यंत, ९९९ पैकी, इक्विफॅक्सचा १००० पैकी, ट्रान्सयुनियनचा ७१० पैकी. माझ्याकडे एक मुलगा पार घाबरून आला होता, काका माझा फक्त ६९० आहे, आता घर मिळणार नाही, बघतो तर ७१० पैकी ६९०, अरे बाबा पेढे वाट. तर हे आकडे एजन्सी आपल्याला दाखवायला बनवतात. बँक एजन्सीकडून कच्चा माल घेते, कुठली खाती आहेत, लिमिट किती, बाकी किती, हप्ता कधी चुकला का, हल्ली कुठे कुठे अर्ज केलेत, पत्ता काय, आणि तो स्वतःच्या स्कोअरकार्डातून, म्हणजे गुण देण्याच्या स्वतःच्या नियमांतून काढते. प्रत्येक बँकेचं वेगळं, आणि एकाच बँकेत दोन कार्डांचंसुद्धा वेगळं असू शकतं. आपण गोंधळतो कारण आपण सिबिलची सवय घेऊन येतो. तिकडे ३०० ते ९०० मधला एक आकडा, बँकेतला माणूससुद्धा विचारतो सिबिल किती आहे, म्हणून वाटतं इथेही तसंच. आणि हो, सिबिलच्या नावापुढेही ट्रान्सयुनियनच आहे, पण म्हणून तुमची पुण्याची हिस्टरी आपोआप तुमच्या मागे विमानात बसून येत नाही.

मग ॲपमधला तो शक्यता दाखवणारा चेकर नक्की काय करतो? तो सॉफ्ट सर्च करतो, म्हणजे तुमची फाइल बघतो पण त्याची खूण दुसऱ्या बँकांना दिसत नाही, त्यामुळे दिवसातून चारदा बघितलं तरी काही बिघडत नाही. तुम्ही भरलेला पगार, पत्ता, नोकरी आणि फाइलमधलं सगळं घेऊन तो कधी बँकेच्याच नियमांतून काढतो, कधी आधी अर्ज केलेल्या लोकांचं काय झालं त्यावरून अंदाज बांधतो. २० टक्के म्हणजे ढोबळमानाने तुमच्यासारखे शंभर असतील तर वीस जणांना मिळेल. म्हणजे प्रश्न 'हा माणूस चांगला आहे का' हा नाहीच, प्रश्न 'या बँकेला हा माणूस या कार्डासाठी आत्ता हवाय का' हा आहे. आपल्याकडे स्थळ बघताना बघा, मुलगी शिकलेली, घर चांगलं, सगळं छान, आणि चार दिवसांनी निरोप येतो, पत्रिका जुळत नाही. आता पत्रिका खरंच बघितली का, का त्यांना मुंबईचीच मुलगी हवी होती, ते कोण सांगणार. बँकही तशीच, फक्त निरोप टक्क्यांत देते.

माझंच सांगतो. मी ज्या बँकेत काम करायचो तिच्याच कार्डासाठी चेकर टाकला, तर चक्क नाही म्हणून आलं. नाव का सांगत नाही ते कळलं ना? आयुष्यात हप्ता चुकवला नाही, दर महिन्याला बिल पूर्ण भरणारा माणूस मी. दोन टेबलं सोडून बसणाऱ्या सहकाऱ्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. माझ्याकडे आधीची चार कार्डं होती, वापरत एकच होतो, बाकीची पाहुण्यांच्या कपबशांसारखी कपाटात ठेवलेली, आणि सगळ्यांचं लिमिट मिळून माझ्या वर्षाच्या पगाराच्या जवळपास. मला वाटायचं न वापरलेलं लिमिट म्हणजे शिस्त, बँकेला दिसतं की हा उद्या सकाळी उठून एवढं कर्ज करू शकतो, तेही आम्हाला न विचारता. दोन्ही खरंच आहे म्हणा.

आणि जरा कडू गोष्ट, जी कोणी उघड बोलत नाही. युरोपच्या नियमाने २०१५ च्या डिसेंबरपासून क्रेडिट कार्डावरचं इंटरचेंज, म्हणजे दुकानदाराच्या बँकेकडून आपल्या कार्डाच्या बँकेला मिळणारा वाटा, ०.३ टक्क्यावर बांधला गेला, आणि ब्रिटनने बाहेर पडल्यावरही इथल्या खरेदीला तो ठेवला. म्हणजे तुम्ही १०० पौंडांचा किराणा घेतला की बँकेला ३० पेन्स. त्यातून महिनाभराची उधारी, पॉइंट्स, फ्रॉडचा खर्च. महिन्याच्या महिन्याला पूर्ण बिल भरणारा माणूस गुणी असतो पण कमाईचा नसतो. यावरून सरळ नकार देतात असं मी म्हणत नाहीये, पण स्कोअरकार्ड बनवताना नुसता धोका बघत नाहीत, यातून सुटेल काय तेही बघतात.

आता ताईंकडे येतो, कारण त्यांच्या केसमध्ये यातलं काहीच नव्हतं. त्या रविवारी आमच्याकडे आल्या, मी म्हटलं तीनही एजन्सींचे रिपोर्ट काढून आणा, स्कोअर नको, रिपोर्ट. तो फुकट मिळतो, २०१८ च्या मे महिन्यापर्यंत दोन पौंड द्यावे लागायचे, आता तेही नाही. किचनच्या टेबलावर तीन गठ्ठे पसरले, चहा झाला, आणि मी एका हायलायटरने नुसती नावं आणि पत्ते रंगवत गेलो.

इथे आपल्या नावांची मजा येते. पहिलं बँक खातं लग्नाआधीचं, स्टुडंट असताना काढलेलं, त्यावर त्यांचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नानंतर पासपोर्ट बदलला, मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. मोबाइलच्या कॉन्ट्रॅक्टवर मधलं नाव गाळलेलं. गॅसच्या बिलावर कोणीतरी पहिलं आणि मधलं नाव जोडून एकच लांबलचक नाव केलेलं. आणि पत्ता तर विचारू नका. मोठ्या जुन्या घराचे तीन फ्लॅट केलेत, तर एका ठिकाणी 'फ्लॅट ३, २७', दुसरीकडे '२७ सी', तिसरीकडे 'टॉप फ्लोअर फ्लॅट, २७'. कॉम्प्युटरच्या दृष्टीने या किती बायका झाल्या बघा! एक्स्पिरियनने हे सगळं एकत्र शिवलेलं होतं, म्हणून ९६१. दुसऱ्या एजन्सीकडे मात्र त्यांचे दोन तुकडे होते, माहेरच्या नावाने नऊ वर्षांचं बँक खातं आणि नियमित फेडलेलं कार्ड, आणि सासरच्या नावाने एक मोबाइल आणि एक गॅस, बास. आणि त्या कार्डाची बँक डेटा घ्यायची ती नेमकी या दुसऱ्या एजन्सीकडून. म्हणजे बँकेला दिसत होती कालपरवा आलेली एक बाई, जिच्याकडे फोन आहे आणि गॅस आहे. नवऱ्याचं काय, नाव जन्मापासून तेच, लग्नाने काही फरक पडला नाही, सगळी फाइल एका धाग्यात, मग ८७४ असला तरी बँकेला पूर्ण माणूस दिसला.

ताई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, म्हणजे माझी पत सासरी आलीच नाही. मी म्हटलं अगदी तसंच.

दुसरं, इलेक्टोरल रोल, म्हणजे मतदार यादी. त्यावर नाव असलं की तुम्ही या पत्त्यावर राहता हे एजन्सीला पटतं, ओळख जुळवायला त्याचा फार उपयोग होतो. ताईंचं नाव नव्हतं, कारण माझा तर इंडियन पासपोर्ट, मी कशी मतदार? हात वर करा, किती जणांना असंच वाटतं... बघा, अर्धा हॉल. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे इथे कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला यादीत नाव घालता येतं, नुसतं काउन्सिलसाठी नाही, पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येतं. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे, आज घरी जाऊन करा.

इथे पुढच्या रांगेतल्या एका दादांनी विचारलं की मी कॉन्ट्रॅक्टर आहे, कमाई चांगली, तरी प्रत्येक ठिकाणी कमी शक्यता का. दादा, फॉर्मवर पगार किती लिहिता? वर्षाला १२,५७० पौंड, बरोबर? टॅक्स वाचवायला स्वतःच्या कंपनीतून पगार तेवढाच घेतो आणि बाकी डिव्हिडंड, म्हणजे नफ्याचा वाटा, आयटीतले आपले निम्मे लोक हेच करतात. पण चेकरच्या चौकटीत फक्त पगार टाकला तर बँकेला तुम्ही जेमतेम गरिबीत दिसता. डिव्हिडंडही तुमचंच उत्पन्न आहे, बहुतेक फॉर्ममध्ये टॅक्सआधीचं एकूण उत्पन्न विचारलेलं असतं, नीट वाचा. फक्त फुगवून लिहू नका, कारण करंट अकाउंटमध्ये महिन्याला किती पैसे येतात याचा डेटाही एजन्सींमार्फत बँकांना मिळतो आणि तुम्ही लिहिलेलं त्याच्याशी ताडून बघतात.

बाकी कारणं पटकन सांगतो. जोडीदाराबरोबर जॉइंट खातं असेल तर तुमच्या दोघांच्या फाइली जोडल्या जातात, नुसत्या लग्नाने नाही जोडल्या जात. जुन्या फ्लॅटमेटबरोबर बिलांसाठी काढलेलं जॉइंट खातं बंद केलं असेल तर एजन्सीला सांगून तो दुवा तोडून घ्या. वेगळ्या नावाच्या बँका आतून एकाच घरातल्या असतात, लॉइड्स, हॅलिफॅक्स आणि एमबीएनए एकाच ग्रुपचे आहेत, त्यामुळे तुम्हाला वाटतं नवीन दार ठोठावलं आणि आत तुम्हाला ओळखणारेच बसलेले असतात.

आणि शक्यता कमी दिसली की चिडून पाच ठिकाणी खरे अर्ज करू नका, प्रत्येक खऱ्या अर्जाची फाइलमध्ये हार्ड सर्च म्हणून खूण पडते, ती दुसऱ्या बँकांना साधारण वर्षभर दिसते आणि घाईतला माणूस बँकेला आवडत नाही. खरा अर्ज नाकारला गेलाच तर बँकेला विचारा कुठल्या एजन्सीचा डेटा बघितला, १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट ॲक्टप्रमाणे ते सांगावं लागतं. निर्णय पूर्ण मशीनने घेतला असेल तर माणसाने पुन्हा बघावं असंही मागता येतं. रिपोर्टमध्ये २०० शब्दांची टीप घालायची सोयही आहे, पण मोठं आजारपण, नोकरी जाणं असं काही असेल तरच, नाहीतर लोक तिथे निबंध लिहितात.

ताईंनी मग काय केलं, तर दुसऱ्या एजन्सीला लग्नाचं सर्टिफिकेट पाठवलं, दोन्ही नावं जोडून घेतली, बँकेत आणि मोबाइलवर पत्ता एकाच पद्धतीने लिहून घेतला, मतदार यादीत नाव घातलं. याला दोनेक महिने गेले. मागच्या आठवड्यात परत बघितलं, त्याच कार्डाला ८५ टक्के. एक्स्पिरियनचा स्कोअर मात्र ९६१ चा ९५८ झालाय, का ते मलाही सांगता येणार नाही, तीन पॉइंटांसाठी मी डोकं खाजवणं कधीच सोडलंय.

काय म्हणताय काकू? बॉयलरचं काय झालं? अहो, नोव्हेंबरात बॉयलर थांबतो का, तो नवऱ्याच्या कार्डावर कधीच बसला, आणि ताई सांगतात की हप्ता निम्मा त्या भरतायत, पण फाइलमध्ये सगळं पुण्य त्यालाच चाललंय.